चांदोलीचा वाघ आणि उठलेली गावे

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. आमच्या उर्दू शाळेत सहावीच्या वर्गात एका मुलाने मराठी वर्तमानपत्राचे कात्रण आणले. ताडोबाच्या जंगलातून एक वाघीण चांदोलीला आणली, अशी बातमी होती. मुलाने विचारले, "सर, चांदोली मतलब अपनी सांगलीवालीच ना? तो फिर अपने इधर पहले शेर नहीं था क्या?"

प्रश्न साधा होता, पण त्या तासाला आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. 'शेर' म्हणजे सिंह की वाघ, यावरच बराच वेळ गेला आणि घंटा झाली. घरी आल्यावर मात्र प्रश्न मनातून जाईना. आमच्या लहानपणी आम्ही पाहिलेला वाघ एकच होता, मोहरममधला. कोणाचा तरी नवस असायचा. त्या पोराच्या अंगाला पिवळा रंग फासून वर काळे पट्टे ओढत आणि ताशाच्या तालावर तो गल्लीतून उड्या मारीत जाई. खरा वाघ विदर्भात असतो, आपल्याकडे ऊस असतो, अशीच आमची समजूत होती. आमच्या दादीची समजूत वेगळी होती. ती कोयनाकाठच्या एका लहान गावची. "आमच्या रानात वाघरू होतं," असे ती सांगे, तेव्हा आम्ही हसत असू. ते गाव आता पाण्याखाली आहे. दादीही हयात नाही.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला वाघापेक्षा माणसांचाच इतिहास जास्त सापडला. तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गडांचे रान

महाबळेश्वरपासून दक्षिणेला आंबा घाटापर्यंत सह्याद्रीची जी धार जाते, तिच्या पूर्व उतारावर हे जंगल आहे. उत्तरेचा भाग कोयनेच्या खोऱ्यात, सातारा जिल्ह्यात येतो. दक्षिणेचा भाग वारणेच्या खोऱ्यात, म्हणजे सांगली-कोल्हापूरच्या हद्दीवर. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला. कराडच्या नळाला आणि मिरजेच्या मळ्याला येणारे पाणी शेवटी याच डोंगरातून उतरते, हे सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेले बरे.

इतिहासात हे रान प्रथम ठळकपणे दिसते ते गडांच्या निमित्ताने. जावळीचे मोरे आदिलशाहीचे मांडलिक. त्यांची खरी ताकद फौजेत नव्हती, अंगावर येणाऱ्या दाट झाडीत होती. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. तीन वर्षांनी अफझलखानाची मोठी फौज याच रानात अडकली. त्या लढाईत दोन्ही बाजूंना दोन्ही धर्मांचे लोक होते. निकाल लावण्यात मात्र जंगलाचाही वाटा होता. कोयनेच्या खोऱ्यातील वासोटा किल्ल्याला महाराजांनी 'व्याघ्रगड' हे नाव दिले. वाघ नसलेल्या डोंगराला असे नाव कोण देईल? आजही या पट्ट्यात खिंडीखिंडीत वाघजाईचे ठाणे आहे. माणसाने वाघाचे भय देवीच्या स्वाधीन केले आणि आपण नाचणी-वरी पिकवीत राहिला.

त्या काळची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास जे 'आज्ञापत्र' लिहिले, त्यात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याविषयी सूचना आहेत. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तर मालकाला राजी करून आणि मोल देऊन मगच तोडावे, जोर करू नये, असा त्यांचा आशय आहे. राज्याला लाकडाची निकड होती, तरीही मालकाची राजीखुशी आणि झाडाचे मोल या दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. पुढच्या तीनशे वर्षांत या दोन गोष्टींचे काय झाले, हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

सरकारी जंगल

१८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झाले. जी झाडी आजवर गावाची म्हणून ओळखली जात होती तिच्या कडेने हद्दीचे दगड बसले. डोंगरउतारावरचा झुडुपांचा पट्टा तोडून-जाळून त्या राखेत वरी-नाचणी पेरायची आणि पुढे ती जमीन काही वर्षे पडीक ठेवायची, या शेतीला आपल्याकडे कुमरी म्हणतात. इंग्रज अधिकाऱ्यांना ती नासाडी वाटली आणि त्यांनी ती आवळत नेली. गवळी धनगरांच्या चराईवर बंधने आली. हिरडा-शिकेकाई गोळा करणाऱ्याला परवाना लागू लागला.

दुसरीकडे त्याच सरकारच्या राज्यात वाघ मारणाऱ्याला बक्षीस मिळत होते आणि साहेबांची शिकार हा मानाचा खेळ होता. लाकूड रेल्वेला आणि शहरांना जात होते. महाबळेश्वरचे गिरिस्थान १८२८-२९ च्या सुमारास वसले होतेच. म्हणजे गावकऱ्याने चार वीत रान जाळले तर तो गुन्हा आणि वरच्यांनी अख्खा डोंगर वापरला तर ती व्यवस्था. हा हिशेब तेव्हा सुरू झाला आणि स्वातंत्र्यानंतरही पुरता बदलला नाही, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

पाण्याखालची गावे

स्वातंत्र्यानंतर देशाला वीज हवी होती. कोयनेवर १०३ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये सुरू झाली. पाणी पश्चिमेला बोगद्यातून कोकणात सोडायचे आणि त्या उतारावर वीज करायची, ही योजना खरोखर बुद्धीची होती. आज कोयनेची वीजनिर्मितीची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. मुंबई-पुण्याचे कारखाने ज्या विजेवर वाढले तिच्यात या खोऱ्याचा मोठा वाटा आहे. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण सुमारे १०५ टीएमसी पाण्याचा शिवसागर भरला तेव्हा शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ बसली. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये आला. कोयनेची गावे त्याच्या दशकभर आधीच उठली होती. त्यामुळे ज्या कायद्याचा महाराष्ट्राला अभिमान आहे तो त्यांच्या वेळी नव्हताच. कोणी ठाणे-रायगडकडे गेले, कोणी सोलापूरकडे, तर कोणी पाण्याच्या काठाने डोंगरावर वर सरकले. दादीचे माहेर कराडच्या बाजूला आले. त्या गावात मुलाण्याची दोन-तीन घरे होती, एक लहानसा पीर होता. उरूस गाव मिळून करी. "पाणी आलं तेव्हा सगळे आपापली माणसं घेऊन निघाले, पीर तिथंच राहिला," असे ती म्हणायची. दुसऱ्यांनी आपली देवळेही अशीच सोडली. पाणी चढताना ते कोणाची जात विचारीत नाही.

त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरणग्रस्तांच्या जमिनींसाठी पुढे डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली श्रमिक मुक्ती दलाने आंदोलने केली. २०१८ मध्येही कोयनानगरला माणसे रस्त्यावर बसली होती. धरणाची वीज सुरू होऊन तेव्हा ५६ वर्षे झाली होती. ज्यांनी घर सोडले ते बहुतेक वारले आणि नातवंडे सातबारा मागत होती.

कोयनेपाठोपाठ वारणेवर चांदोलीला मातीचे धरण झाले. त्याच्या जलाशयाला वसंतसागर म्हणतात आणि त्यात ३४.४० टीएमसी पाणी मावते. सांगली-कोल्हापूरचा ऊस त्यावर वाढला. तेथेही गावे उठली.

अभयारण्याचा जन्म

येथे इतिहासाने एक चमत्कारिक वळण घेतले. गावे गेली, पाणी साचले आणि त्या पाण्याने जंगलाला माणसापासून तोडले. दोन्ही जलाशयांच्या मागे जो प्रदेश उरला तेथे झाडी पुन्हा दाटू लागली. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही दोन्ही अभयारण्ये जाहीर झाली. कोयनेचे क्षेत्र सुमारे ४२३ चौरस किलोमीटर, तर चांदोलीचे सुमारे ३१७. मे २००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जानेवारी २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. मेळघाट, ताडोबा आणि पेंच यांच्यानंतरचा हा महाराष्ट्राचा चौथा व्याघ्र प्रकल्प आणि पश्चिम महाराष्ट्रातला पहिला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत महाराष्ट्राची चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

आज या रानात गवे आहेत, सांबर, भेकर आणि पिसोरी आहे. बिबट्या, अस्वल आणि रानकुत्र्यांचे कळप आहेत. आपला राज्यप्राणी शेकरू झाडाच्या शेंड्यावर घरटी बांधतो. आम्ही मुलांना घेऊन शेडगेवाडी फाटा, आरळा करीत मणदूरला गेलो होतो. शेकरू दिसताच मुलांनी इतका गलका केला की वाटाड्याला त्यांना गप्प करावे लागले. वाघ अर्थातच दिसला नाही.

पण अभयारण्य झाले तेव्हा या प्रदेशाच्या पोटात गावे होतीच. धरणाने उठली ती वेगळी. झोळंबी, गोठणे, निवळे, तनाळी, सोनार्ली अशी तीसहून अधिक गावे चांदोलीच्या जंगलासाठी टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्यात आली. त्यांच्या वसाहती सांगली-कोल्हापूरच्या सपाट, उसाच्या पट्ट्यात झाल्या. पाथरपुंज हे वारणेच्या उगमाकडचे गाव. राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याचे नाव येते. तेथील लोक वर्षानुवर्षे पुनर्वसनाची वाट पाहत राहिले.

अशाच एका वसाहतीत आम्ही एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोललो. ते म्हणाले, "गुरुजी, आम्ही वाघाला नाय म्हणत नाही. आमच्या बापजाद्यांनी वाघ बघितलाय. पण आम्हाला उठवताना सांगितलं, जमीन मिळंल, पाणी मिळंल. निम्म्यांना मिळालं, निम्मे अजून कागद घेऊन फिरतात." आम्ही त्यांना ताडोबाच्या वाघिणीची बातमी सांगितली. ती जंगलात सोडण्याआधी ज्या कुंपणात उतरवली ते सोनार्लीला होते. सोनार्ली हे नाव ऐकताच ते थोडे थांबले आणि म्हणाले, "म्हणजे गावात उतरवली." आमच्यासाठी सोनार्ली हे बातमीतले एक ठिकाण होते, त्यांच्यासाठी ते अजून गावच होते.

वाघ आपणहून येत नव्हता असेही नाही. मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्याने वाघ टिपला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एक नर दिसला. दक्षिणेकडून, गोवा-कर्नाटकाच्या जंगलातून डोंगराच्या धारेने ते येतात. पण या वाटेवर राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या, रस्ते झाले आणि जंगलाची साखळी जागोजागी तुटली. नर लांबवर भटकत येतो, मादी सहसा इतकी लांब येत नाही. म्हणून विदर्भातून आठ वाघ आणण्याची परवानगी देण्यात आली. त्यांत पाच माद्या आहेत. मुलाच्या प्रश्नाचे हे उत्तर : वाघ होता, त्याची वाट आपण मोडली, म्हणून आता त्याला पिंजऱ्यातून आणावे लागते.

काठावरचे बंगले

आता खरा प्रश्न जंगलाच्या आत नाही, काठावर आहे.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी आणि पाटणजवळच्या वनकुसवडे येथील पठारांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. वाऱ्याची वीज स्वच्छ, यात वाद नाही. पण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीला अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले आणि त्यामुळे तेथे सरडे वाढले. हा सरडाही साधा नाही. गळ्याला निळा-नारिंगी पंखा असलेली ही जात २०१६ मध्ये शास्त्राने स्वतंत्र म्हणून नोंदवली आणि तिच्या कुळाला 'सरडा' हेच आपले देशी नाव दिले. स्वच्छ विजेचीही कोणीतरी किंमत भरतोच, एवढेच यातून घ्यायचे.

त्याहून मोठी गोष्ट जमिनीची आहे. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील २३५ गावे मिळून 'नवीन महाबळेश्वर' वसवण्याची योजना निघाली आणि २०२४ मध्ये तिचा प्रारूप आराखडा लोकांपुढे आला. त्याच वर्षी शिवसागराच्या काठी मुनावळेला जलपर्यटन सुरू झाले. कांदाटी खोऱ्यातील झाडाणी या गावची शेकडो एकर जमीन बाहेरच्या मोजक्या लोकांच्या नावावर गेल्याचे प्रकरणही २०२४ मध्येच गाजले. रोजगार येईल, गावातले तरुण मुंबईला जाणार नाहीत, असे सांगण्यात येते. हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पाटण-जावळीच्या गावांत म्हातारी माणसेच उरली आहेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पर्यावरणाचे नियम आले की याच गावांतून विरोध होतो, तोही आम्हाला समजतो. ज्याला सरकारी कागदाने दोनदा उठवले तो तिसऱ्या कागदावर विश्वास कसा ठेवील?

पण महाबळेश्वरचा अनुभव समोर आहे. तेथील बांधकामाचा ताण इतका वाढला की २००१ मध्ये केंद्र सरकारला महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला. त्या जुन्या महाबळेश्वरात स्थानिक माणूस घोडा धरतो, स्ट्रॉबेरी विकतो, खोल्या झाडतो. हॉटेलाचा मालक बहुधा दुसरा कोणी असतो. शिवाय हे डोंगर भुसभुशीत आहेत. जुलै २०२१ च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, घरेच्या घरे गाडली गेली. त्याच दिवसांत खाली सांगलीत पाणी शिरले. २००५ आणि २०१९ चे पूरही सांगलीकर विसरलेले नाहीत. वरच्या उताराची झाडी आणि माती हे खालच्या माणसाचेही संरक्षण आहे.

म्हणून आम्हाला वाटते, वाद 'वाघ की विकास' असा मांडणे चूक आहे. जंगल राखण्यासाठी, धरणासाठी ज्यांना एकेक एकर सोडावा लागला त्यांचा हिशेब अपुरा आहे. त्याच जंगलाची हवा आणि त्याच तलावाचे दृश्य आता जाहिरातीत विकले जात आहे. ज्याची झोपडी जंगलाला जड झाली होती त्याच्याच जुन्या शिवाराशेजारी दुसऱ्याचा बंगला मात्र जड होत नाही. अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील त्या दोन गोष्टी, राजीखुशी आणि मोल, निदान आता तरी आधी याव्यात. उठलेल्या गावांचे पुनर्वसन पूर्ण व्हावे. रक्षक, वाटाडे आणि पर्यटनाची कामे प्रथम त्यांच्या मुलांना मिळावीत. त्यानंतरच काठावरच्या नव्या बांधकामाचा विचार व्हावा, आणि तोही ग्रामसभेला विचारून.

आपला संबंध

हे सर्व आपल्या वार्षिकात कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आपल्या समाजापुढे शिक्षणाचे, रोजगाराचे प्रश्न आहेत, वाघाचे काय घेऊन बसलात? त्यांना आम्ही एवढेच आठवण करून देऊ की या देशाला पक्षी ओळखायला शिकवणारे डॉ. सालिम अली आपल्याच मुंबईचे. मुंबई राज्याचा वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा १९५१ चा कायदा घडवण्यात हुमायूं अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. झफर फतेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी १९६० मध्ये वार्तापत्र सुरू केले. देशात वन्यजीव रक्षणाची चळवळ उभी राहत होती तेव्हा आपली माणसे तिच्यात पुढे होती. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात सालिम अलींचे नाव येते, पण मुले पाठ करून विसरतात, कारण त्यांना घराबाहेरची चिमणी दाखवायला कोणी नेत नाही.

लांब जायलाही नको. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावाजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे, अवघे १०.८७ चौरस किलोमीटरचे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून बोडक्या डोंगरावर माणसांनी झाडे लावून ते उभे केले. त्याच तालुक्यात कडेगावचे उंच ताबूत निघतात. हिंदू-मुसलमान मिळून ते उचलतात आणि पाहायला लांबून लोक येतात. ताबुताला गेलेल्या किती जणांनी वाटेत सागरेश्वरची हरणे पाहिली? आम्हीही परवापरवापर्यंत पाहिली नव्हती. यंदा वर्ग घेऊन गेलो.

कात्रण आणणाऱ्या मुलाला आम्ही आता उत्तर दिले आहे. फळ्यावर कोयना आणि वारणा काढल्या, दोन धरणे काढली, उठलेल्या गावांची जेवढी ठाऊक होती तेवढी नावे लिहिली. नकाशा पाहून एक मुलगी म्हणाली, "सर, हमारे नाना भी धरण के गांववाले हैं. उनके गांव का नाम इसमें नहीं है." तिच्या नानांच्या गावाचे नाव आम्ही तिलाच लिहायला सांगितले. तिने ते उर्दूत, उजवीकडून डावीकडे, निळ्या खडूने पाण्याच्या मधोमध लिहिले.